पहिली बातमी ज्याची त्याला

रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात आमच्या आळीतला एक मुलगा उभा. लहानपणापासून मला काकू म्हणणारा, दहीहंडीला वरच्या थरावर चढणारा, आता गोदामात कामाला लागलेला. त्याचं नाव मी सांगणार नाही. ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत आणि हे लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली आहे.

"काकू, काका झोपले का?"

"टीव्हीसमोर डुलकी लागलीय. का रे?"

"मग इथंच पडवीत बोलू."

बसला, पण बोलेना. त्याचं लग्न महिन्यावर आलेलं. आम्हां आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी; गाव जेवायला येतं. मंडपवाल्याला विसार देऊन झाला होता. मला वाटलं, पैशाची काही अडचण असावी. थोड्या वेळाने त्याने खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो माझ्यापुढे धरला. पांढरी प्लॅस्टिकची पट्टी. एक रेघ ठळक लाल. दुसरी इतकी पुसट, की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

"काकू, ही दुसरी रेघ धरायची की नाय?"

अशा पट्ट्या मी आयुष्यात हजारोंनी पाहिल्या आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत पस्तीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम केलं. पट्टी कसली ते मला कळलं होतं, तरी विचारलं. त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एड्सची."

मोबाइलवरून मागवलेली. पार्सल घरी नको म्हणून गोदामाच्या पत्त्यावर घेतलेलं. रात्रपाळीला संडासात उभं राहून, मोबाइलच्या उजेडात बोटाला सुई टोचून केलेली तपासणी. वीस मिनिटांनी पाहिलं तेव्हा एकच रेघ होती. कुणी पाहू नये म्हणून पट्टी मीटरच्या फळीमागे ठेवली. मन राहवेना म्हणून सकाळी सहाला पुन्हा काढून पाहिली, तर ही दुसरी, पुसट रेघ. त्याला आठ दिवस झाले होते. आठ दिवस तो झोपला नव्हता. आईने विचारलं तर ॲसिडिटी म्हणून सांगितलं होतं.

त्या आठ दिवसांत त्याने काय काय मनात आणलं असेल, हे मी विचारलं नाही. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "काल दुर्गाडीच्या पुलावर गाडी थांबवून लय वेळ उभा होतो." खाडीचं पाणी तिथं खोल आहे. मी रात्रभर त्या एका वाक्याचा विचार करत राहिले.

बाहेर चिठ्ठी, आत माणूस

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे आमचं कोन. मी १९८८ साली लग्न होऊन इथं आले तेव्हा घरामागे भाताची शेतं होती आणि खाडीचं मासळीचं वाण दारात यायचं. पुढे कपड्यांना रंग देणारे कारखाने आले, मग गोदामं आली. आज रांजणोली नाक्यापर्यंत ट्रकांची रांग लागते. माग चालवणारे, माल चढवणारे, ड्रायव्हर, क्लीनर अशी देशभरची माणसं इथं राहतात. दहा बाय बाराच्या एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने झोपणारी. गावात काही आजार निघाला की बोट त्यांच्याकडे वळतं. माझ्या टेबलावरच्या रक्ताच्या बाटल्यांनी मला शिकवलं, की आजार गावकरी आणि परका असा भेद करीत नाही.

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले ते १९८६ साली मद्रासला, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी केलेल्या तपासणीत. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे 'नॅको', स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. आम्हां तंत्रज्ञांना तेव्हा हातमोजे मोजून मिळत. या रोगाबद्दल आमचं ज्ञानही तितकंच मोजकं होतं.

१९९६ सालची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मी ज्या रुग्णालयात होते त्याचं नाव इथं नको. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एक माग कामगार दाखल झाला होता. ऑपरेशनपूर्वी रक्त तपासायची पद्धत होती. त्यात 'ही' तपासणीही होई, पण ती होते आहे हे रुग्णाला सांगायची पद्धत नव्हती. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. चिठ्ठी माझ्या हातची. ती मी वॉर्डात पाठवली. वॉर्डातून ती बाहेर बसलेल्या भावाच्या हातात गेली. भावाकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून चाळीत. संध्याकाळपर्यंत त्याच्या बायकोला नळावर पाणी भरू देईनात. ऑपरेशन झालंच नाही. तिसऱ्या दिवशी तो नवरा-बायको आणि दोन पोरं खोली सोडून गेले, कुठे ते कुणाला माहीत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. जायच्या आदल्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या खिडकीशी आला आणि मला म्हणाला, "ताई, मला नेमकं झालंय काय? सगळ्यांना माहीत आहे, मला कुणी सांगत नाही." मी त्याला डॉक्टरांना विचारा म्हणून सांगितलं. खिडकी लावून घेतली. माझं वय तेव्हा बत्तीस होतं आणि मी घाबरले होते, एवढंच काय ते माझं समर्थन.

ज्याचं रक्त, त्यालाच बातमी सर्वांत शेवटी. त्या काळात हे इतकं सर्रास होतं, की कुणाला त्यात वावगं वाटत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचा खटला आला. रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून एका सरकारी उपक्रमाने त्याला काम नाकारलं होतं. त्याचं नाव उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने त्याला केवळ 'एमएक्स' या अक्षरांनी ओळखलं आणि निकाल दिला, की जो माणूस काम करायला धडधाकट आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला निव्वळ या कारणाने कामावरून दूर ठेवता येणार नाही. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात दुसरं प्रकरण गेलं. एका डॉक्टरच्या रक्ताचा निकाल रुग्णालयातून बाहेर फुटला आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याला नुकसानभरपाई तर मिळाली नाहीच, उलट अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित समजावा असं न्यायालयाने म्हटलं. लग्नाबद्दलचं ते मत २००२ मध्ये त्याच न्यायालयाने मागे घेतलं. एका चिठ्ठीने माणसाची नोकरी, लग्न, गाव सगळं कसं हातातून जाऊ शकतं, याचे हे दोन दाखले.

म्हणून परवा त्या मुलाने मोबाइल पुढे धरला तेव्हा मला आधी, खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं. निदान याच्या रक्ताची बातमी पहिल्यांदा यालाच कळली. चिठ्ठी कुणाच्या हातून फिरली नाही. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, पण कळली ती संडासात, अंधारात, एकट्याला. आणि तीही चुकीची.

पट्टी काय सांगते आणि काय नाही

घरी तपासणी करण्याला आता आपण नवखे राहिलेलो नाही. दिवस गेल्याची पट्टी कित्येक वर्षं मेडिकलमध्ये मिळते. साखर मोजायचं यंत्र घरोघरी आहे. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या 'कोविसेल्फ' या संचाला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मान्यता दिली आणि नाकात काडी फिरवून घरीच कोरोना पाहायला सगळे शिकले. 'सी' म्हणजे पट्टी चालू आहे आणि 'टी' म्हणजे रोगाची खूण, हे शाळकरी पोरांनाही पाठ झालं.

एचआयव्हीच्या बाबतीत मात्र जगाने हा निर्णय फार जपून घेतला. १९८० च्या दशकातच घरगुती तपासणीची कल्पना अमेरिकेत निघाली होती, पण एकट्याने निकाल पाहून माणूस जिवाचं बरंवाईट करील या भीतीने ती मागे ठेवली गेली. १९९६ मध्ये घरी रक्ताचा थेंब घेऊन टपालाने प्रयोगशाळेला पाठवायला परवानगी मिळाली. घरच्या घरी निकालही पाहता येईल अशा, हिरड्यांवरून काडी फिरवायच्या संचाला जुलै २०१२ मध्ये मान्यता मिळाली. २०१६ च्या जागतिक एड्स दिनाच्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने स्वतः करायच्या एचआयव्ही तपासणीची शिफारस केली. मलावी, झांबिया, झिम्बाब्वे या देशांत लाखो लोकांनी अशी तपासणी केली. दवाखान्याची पायरी कधीही न चढणारे पुरुष आणि तरुण त्यामुळे तपासणीला आले. आपल्याकडेही २०२१-२२ मध्ये चौदा राज्यांत असा प्रयोग झाला.

आता ही पट्टी करते काय? ती विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून धोक्याच्या प्रसंगानंतर आठवड्याने केलेली तपासणी 'नाही' म्हणाली तर तिला काही अर्थ नसतो. तीन महिने उलटल्यावरचं 'नाही' खरं धरायचं. या मधल्या काळाला आम्ही 'विंडो पिरियड' म्हणतो. आणि हिरड्यांवरून काडी फिरवतात म्हणून लाळेतून रोग पसरतो असं कुणी समजू नये. उष्ट्याने, चुंबनाने, एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही.

चुकाही दोन्ही बाजूंनी होतात. हिरड्यांच्या ज्या संचाला २०१२ मध्ये परवानगी मिळाली, त्याच्या चाचणीत सामान्य माणसांनी स्वतः तपासणी केली तेव्हा रोग असलेल्या दर बारा जणांमागे एकाला पट्टीने 'नाही' म्हणून सांगितलं होतं. उलट बाजूची चूक, म्हणजे रोग नसताना 'आहे' दाखवणं, पाच हजारांत एक इतकी कमी होती. पण सगळ्या पट्ट्या सारख्या चांगल्या नसतात. समजा, एखादी पट्टी निरोगी माणसांपैकी शंभरात एकाला खोटी रेघ दाखवते. आपल्या देशात मोठ्या माणसांत या रोगाचं प्रमाण हजारी दोनच्या आसपास. म्हणजे दहा हजार जणांनी तपासलं तर खरे रुग्ण वीस आणि खोट्या रेघा शंभर. घरी बसून दुसरी रेघ पाहणाऱ्या सहा जणांपैकी पाच जण निष्कारण मरणाच्या भीतीत. म्हणूनच सरकारी केंद्रात पहिल्या पट्टीवर कुणालाच पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या तपासण्या जुळल्या तरच तसा रिपोर्ट देतात.

शिवाय वेळेचं बंधन असतं. पाकिटावर वीस मिनिटं लिहिली असतील तर वीस मिनिटांनीच पाहायचं आणि पट्टी टाकून द्यायची. तासन्तास राहिलेल्या पट्टीवर ओल सुकून पुसट रेघ उमटू शकते. आमच्या पोराची रेघ अशीच होती. आणखी एक गोष्ट. बाजारात मिळणाऱ्या काही पट्ट्या मुळात प्रशिक्षित तंत्रज्ञांसाठी केलेल्या असतात, पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. ते कुणी वाचत नाही.

आणि एचआयव्हीची पट्टी फक्त एचआयव्हीचंच सांगते. गरमी, परमा, आणि लक्षणं न दाखवता बायकांच्या गर्भाशयाला धरून राहणारे इतर संसर्ग यांचा तिला पत्ता नसतो. गरमीची, म्हणजे सिफिलिसची घरगुती तपासणी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य झाली. पण तिची एक खोच आहे. योग्य उपचार होऊन माणूस बरा झाला तरी पट्टीवरची रेघ बहुधा जन्मभर येत राहते. हे ठाऊक नसेल, तर एखाद्याचा पंधरा वर्षांपूर्वी बरा झालेला आजार आज संसार मोडू शकेल. सुरुवातीची गरमी पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरी होते. घरातली भीती मात्र इंजेक्शनने जात नाही.

घर म्हणजे कुणाचं घर?

रविवारच्या पुरवणीत हा कसला विषय, असं काहींना वाटेल. पुरवणी घरात सगळेच वाचतात. पण याच महाराष्ट्रात १९२७ साली र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शिक्षण हे शब्द छापले म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आपल्या आजोबांच्या पिढीने हे छापून दाखवलं. आपण निदान ओसरीवर बोलायला हरकत नसावी.

'घरच्या घरी तपासणी' म्हणताना सगळे गृहीत धरतात, की घरात एकांत आहे. ज्यांच्याकडे दार लावून घ्यायला खोली आहे त्यांचं ठीक. आमच्याकडे एका मोरीपुढे सकाळी सहा जण रांगेत असतात. पार्सल आलं की आधी काका फोडतात, मग ज्याचं आहे त्याला देतात. मागाच्या खोल्यांतल्या माणसांना तर झोपायची जागाही आठ तासांपुरती. त्यांनी वीस मिनिटं कुठं शोधायची? म्हणून तर आमचा पोरगा गोदामाच्या संडासात गेला.

दुसरी गोष्ट याहून अवघड. घरात तपासणी आली की घरातली ताकदही तिच्यात येते. पट्टी हातात आली म्हणून सासूने सुनेला, नवऱ्याने बायकोला, होणाऱ्या सासऱ्याने जावयाला 'कर आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर' म्हटलं तर? केंद्रात निदान समुपदेशकाची खोली असते, तिथं नातेवाइकांना बाहेर बसवतात. स्वयंपाकघरात कोण कुणाला बाहेर बसवणार? मी नोकरीत असताना गरोदर बायकांची तपासणी आम्ही करायचो. बाळाला आजार जाऊ नये म्हणून ती हवीच. पण कित्येकदा असं व्हायचं, की बाईचा रिपोर्ट आधी आला म्हणून 'तूच आणलास' असा ठपका तिच्यावर यायचा. नवरा तपासणीलाच येत नसे. पहिली बातमी जिला कळली, तिलाच पहिली शिक्षा.

आता या बाबतीत कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी करायची नाही, निकाल गुप्त ठेवायचा, रोग आहे म्हणून नोकरी, शाळा, घर, उपचार नाकारायचे नाहीत, असं तो सांगतो. माझ्या १९९६ च्या त्या चिठ्ठीवर आज तक्रार होऊ शकली असती, आणि ती योग्यच झाली असती. पण कायदा उंबऱ्याच्या आत फारसा शिरत नाही. तिथं घरातल्या वडीलधाऱ्यांनाच कायद्याचं काम करावं लागतं.

पुढे काय झालं

त्या रात्री मी पोराला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, वेळ टळून गेल्यावर उमटलेली रेघ धरायची नसते. दुसरी, पण म्हणून तू मोकळा झालास असंही नाही, तपासणी पुन्हा नीट करायला हवी. तिसरी, आणि खरोखर निघालंच तरी ते आता मरण नाही.

ही तिसरी गोष्ट मला १९९६ साली सांगता आली नसती. तेव्हा रिपोर्टनंतर देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत या रोगाची औषधं मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर निदान झालं की प्रतिकारशक्ती घसरायची वाट न पाहता लगेच औषधं सुरू करतात. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला तो जात नाही, हे आता सिद्ध झालं आहे. अशी माणसं काम करतात, लग्नं करतात, त्यांना निरोगी मुलं होतात. देशात आज सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांत सर्वाधिक, जवळपास चार लाख, आपल्या महाराष्ट्रात आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाने त्यांच्यापैकी कुणाच्या तरी शेजारी बसून लोकलचा प्रवास केलेला आहे.

तपासणीला कुठे जायचं यावर घोडं अडलं. भिवंडी नको, तिथं गोदामवाले भेटतील. कल्याण नको, तिथं आत्या राहते. शेवटी लांबचं एक सरकारी केंद्र निवडलं. मी बरोबर गेले, बाहेर बाकावर बसले. तपासणी फुकट होती. समुपदेशक मुलगी त्याच्याहूनही लहान, पण तिने त्याच्याशी पाऊण तास बोलून घेतलं. पट्टीने आठ दिवसांत जे केलं नाही ते तिने पाऊण तासात केलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला कळलं, की आजचा निकाल 'नाही' आहे.

पण त्याने तिला खरी तारीख सांगितली होती. लग्नापूर्वी मित्रांबरोबर गेलेल्या एका रात्रीला जेमतेम दोन महिने झाले होते. तीन महिन्यांनंतर पुन्हा ये, तोवर जपून राहा, असं तिने सांगितलं. लग्न त्याच्या आत होतं. त्याच रात्रीनंतर ७२ तासांच्या आत तो डॉक्टरांकडे गेला असता तर २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं मिळू शकली असती. पण हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शाळेत नाही, घरात नाही. काकूंनीही नाही, जिला सगळं माहीत होतं.

परतताना तो म्हणाला, "आता?"

मी म्हटलं, "ते तू ठरव. मी तुझ्या आईला सांगणार नाही, पोरीच्या घरीही सांगणार नाही. पण तिच्याही रक्ताचा प्रश्न आहे. तिला तो दुसऱ्याकडून कळता कामा नये."

चार दिवसांनी त्याने त्या मुलीला भेटून स्वतः सांगितलं. काय सांगितलं, ती किती रडली, किती चिडली, हे त्या दोघांचं. घरी दोघांनी मिळून एक सबब काढली आणि लग्नाची तारीख पुढे गेली. मंडपवाल्याचा विसार बुडाला. गावात कुजबुज झाली, मुलीला दुसरा कुणी आवडतो इथपासून मुलाला कर्ज झालंय इथपर्यंत. दोघांनी ती ऐकून घेतली. ठरल्या दिवशी दोघं मिळून त्या केंद्रात गेली. तीही तपासणीला बसली, आपल्या मर्जीने. "त्यांचंच का, माझंही बघून घ्या," असं ती समुपदेशकाला म्हणाल्याचं त्याने मला नंतर सांगितलं.

निकाल काय आला, असं तुम्ही विचाराल. आळीतल्या एक-दोघींनी मला आडून आडून तसं विचारलंही, लग्न का लांबलं म्हणून. मी सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. ती त्या दोघांची बातमी आहे. एकदा मी चिठ्ठी लिहून दुसऱ्याच्या हाती दिली आहे. पुन्हा नाही.

एवढं मात्र सांगते. घरात पट्टी आणायची असेल तर जरूर आणा. दवाखान्याच्या दारात ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने अजिबात न तपासण्यापेक्षा ते शंभरदा चांगलं. पण पाकीट नीट वाचा, घड्याळ पाहा, आणि रेघ एक आली काय किंवा दोन आल्या काय, तिथं थांबू नका. सरकारी केंद्रात तपासणी आणि सल्ला मोफत आहे. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही. आणि पट्टी पाहताना एकटं राहायचं असलं, तरी ती पाहून झाल्यावर जाऊन बोलता येईल असं एक दार आधी ठरवून ठेवा.

घरातल्या मोठ्यांना माझी वेगळी विनंती आहे. आपलं दार तसं आहे का, हे एकदा तपासा. रात्री साडेनऊला कुणी कडी वाजवली, तर तो आत येऊन बोलू शकेल का? माझ्याकडे १९९६ साली एक माणूस खिडकीशी आला होता. मी खिडकी लावून घेतली होती. तो कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. त्या रात्री पडवीत त्या पोरासमोर बसले होते, तेव्हा मनातून मी त्या माणसालाच उत्तर देत होते.